३० जून

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि चार माणसं. लेथच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर असतं आणि जूनचं पान आलं की मी ३० तारखेभोवती पेनानं गोल काढतो. नवीन लागलेल्या पोराला वाटतं, बँकेच्या हप्त्याची तारीख असेल. जुना माणूस त्याला सांगतो, "मालकांच्या कानची तारीख हाय ती."

कान म्हणजे ऑलिव्हर कान, जर्मनीचा गोलकीपर. ३० जून २००२ ला योकोहामात वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये त्याच्या हातून बॉल सुटला. बरोबर चार वर्षांनी, ३० जून २००६ ला, बर्लिनमध्ये तो स्वतःच्या जागेवर खेळणाऱ्या माणसाजवळ चालत गेला आणि त्याच्या हातात हात दिला. त्याच्याबद्दल बोलणारे बहुतेक लोक पहिल्या तारखेवरच थांबतात. मला दुसरी तारीख मोठी वाटते. का वाटते ते सांगायचं तर थोडं माझंही सांगावं लागेल, आणि त्यातलं काही मी घरातसुद्धा बोललेलो नाही.

१९९५ ते २००७ मी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाचा गोलकीपर होतो. कोल्हापूरबाहेरच्यांना तालीम म्हटलं की पैलवान आठवतात. आमच्याकडं तालमीत मारुती असतो, कुस्तीचा हौदा असतो आणि शेजारच्याच खोलीत खिळ्याला फुटबॉलचे बूट लटकत असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावं इथलं पोरगं चालायला लागायच्या आधी ऐकतं. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की दुपारनंतर उद्यमनगरात कामाला माणूस सापडत नाही. मी स्वतःच लेथ बंद करून जायचो, दुसऱ्याला काय बोलणार?

मी उंच होतो म्हणून अण्णांनी मला गोलात उभं केलं. अण्णा म्हणजे आमचे कोच. पहाटे साडेपाचला गांधी मैदानावर ते डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनाच्या, टोकावर बॉल ठेवून एकामागून एक मारत राहायचे. थंडीत बॉल तळहाताला लागला की हात कोपरापर्यंत झिणझिणायचा. दोन्ही कमरांना खरचटलेलं कायम ओलं असायचं, त्यावर हळद लावून मी कामावर जायचो. उजव्या हाताची अनामिका १९९८ मध्ये मोडली ती वाकडीच बसली. मायक्रोमीटर धरताना आजही ती वेगळी उभी राहते.

कानची ओळख मला १९९९ च्या मे महिन्यात झाली, तीही त्याच्या हरण्यातून. बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्न म्युनिक एक गोलनं पुढं, नव्वद मिनिटं संपलेली, आणि जादा वेळेत मँचेस्टर युनायटेडनं दोन गोल मारले. सगळं जग युनायटेडचा जल्लोष बघत होतं. मी गोलकीपर, माझी नजर हरलेल्या गोलकीपरवर गेली. पेपरात त्याचं नाव 'कान' असं छापून आलं आणि तालमीतल्या पोरांना ते फार आवडलं. पुढच्या सीझनपासून कॉर्नर आला की माझ्या गोलमागून आरोळी यायची, "कान, कान टवकार!"

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचू लागलो. जन्म १५ जून १९६९ चा, कार्ल्सरूहचा. गावच्या क्लबचं नाव केएससी, अगदी आमच्या केएसएसारखं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनसारखं. वडील रोल्फ त्याच क्लबकडून खेळलेले, आणि पोरगा सहाव्या वर्षापासून तिथंच वाढलेला. नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याला बुंडेसलिगातली पहिली मॅच मिळाली, कोलोनविरुद्ध, आणि त्यानं चार गोल खाल्ले. परत बाकावर. क्लबचा पहिला गोलकीपर व्हायला १९९० उजाडलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याच कार्ल्सरूहनं युएफा कपात व्हॅलेन्सियाला ७-० हरवलं. १९९४ ला बायर्ननं त्याला घेतलं आणि तो तिथं चौदा वर्षं राहिला. आठ वेळा लीग, सहा वेळा जर्मन कप.

हे आकडे कुठंही मिळतात. मला त्याच्या कारकिर्दीतलं बाकावरचं आयुष्य जास्त जवळचं वाटतं. १९९४ च्या वर्ल्ड कपला तो संघात होता, खेळला नाही. १९९८ ला फ्रान्समध्येही होता, पण गोलात कोपके उभा होता. देशाची पहिली जागा मिळाली तेव्हा कान एकोणतिशीत पोचला होता. चार वर्ल्ड कपला गेलेला हा माणूस, आणि वर्ल्ड कपमध्ये खेळला फक्त आठ मॅचेस. त्यातल्या सात २००२ च्या.

तो रागीट होता हे सगळ्यांना माहीत आहे. स्वतःच्या बचावफळीवर असा ओरडायचा की टीव्हीचा आवाज बंद असला तरी ऐकू यावं. परगावच्या मैदानांवर लोक त्याच्या गोलमागून केळी फेकायचे, माकडाचे आवाज काढायचे. एप्रिल २००० मध्ये फ्रायबुर्गला कुणीतरी गोल्फचा बॉल फेकला, तो डोक्याला लागून रक्त आलं. मी हे वाचलं तेव्हा माझ्याही पाठीवर पाण्याच्या पिशव्या फुटलेल्या होत्या. गोलकीपर हा मैदानातला एकच खेळाडू असा की त्याच्या पाठीमागं दोन हातांवर प्रेक्षक असतात आणि त्याला वळून बघता येत नाही. वळला की गोल खाल्ला.

२००१ साल त्याचं होतं. मार्चमध्ये रोस्टॉकविरुद्ध संघ हरतोय म्हणून तो शेवटी समोरच्या डीत धावत गेला आणि बॉल चक्क दोन्ही हातांनी जाळ्यात ढकलला. दुसरं पिवळं कार्ड, मग लाल. मे महिन्यात लीगच्या शेवटच्या दिवशी हॅम्बुर्गला जादा वेळेत बायर्नचा गोल झाला आणि विजेतेपद मिळालं, तेव्हा कानने कॉर्नरचा झेंडा उपटून मैदानावर लोळण घेतली. चारच दिवसांनी मिलानला चॅम्पियन्स लीगची फायनल, पुन्हा व्हॅलेन्सिया. आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू झाली. तालमीच्या गच्चीवर आम्ही टीव्ही नेला होता, उकाड्यानं खाली बसवत नव्हतं. १-१, मग पेनल्टींचा टायब्रेकर. कानने तीन अडवले, झाहोविच, कार्बोनी आणि शेवटी पेलेग्रिनो. बायर्नचे सगळे धावत त्याच्याकडं निघाले. जल्लोष सुरू असतानाच तो समोरच्या गोलकीपरकडं गेला. कान्यिझारेस रडत होता. कान त्याला उठवून समजावत होता. त्याबद्दल युएफानं त्याला पुढं फेअर प्लेचा सन्मान दिला. अण्णा त्या रात्री म्हणाले, "गोलीचं दुःख गोलीलाच कळतंय."

ते मला अकरा महिन्यांनी समजलं.

एप्रिल २००२. एका चषकाची फायनल, शाहू स्टेडियम खचाखच भरलेलं. दुपारी चारला वळवाचा पाऊस झाला होता, वीस मिनिटं, आणि मग ऊन. अशा वेळी मैदान वरून ओलं आणि खालून घट्ट असतं, बॉल टप्पा पडला की उसळत नाही, सरपटतो. शून्य-शून्य बरोबरी, शेवटची पाच मिनिटं. त्यांच्या डाव्या बाजूच्या पोरानं डीच्या बाहेरून मारला. फटक्यात जोर नव्हता. अंगावर आला होता. असे मी दिवसाला शंभर घ्यायचो. मी गुडघा टेकला, दोन्ही हात खाली नेले, आणि बॉल छातीला लागून समोर सुटला. त्यांचा आघाडीचा खेळाडू आशेवर धावत आला होता. त्यानं नुसता पाय लावला.

त्यानंतर स्टेडियममध्ये काय आवाज झाला ते मला आठवत नाही. मला बॉल ओला होता हे आठवतं, आणि माझ्या हातमोज्यांना चिकटलेले गवताचे दोन तुकडे.

दोन महिने मी पेठेतल्या मुख्य रस्त्यानं गेलो नाही. शॉपला जायला गल्लीबोळातून लांबचा रस्ता धरायचो. कुणी मला तोंडावर काही बोललं नाही हे खरं आहे. चहाच्या गाड्यावर गेलं की विषय बदलायचा, तेवढंच. आई एकदा म्हणाली, "जेव नीट, बॉलच तो." तिला मी उत्तर दिलं नाही.

त्याच दिवसांत वर्ल्ड कप सुरू झाला. जर्मनीचा संघ फार भारी नव्हता, हे जर्मनीचे चाहतेसुद्धा म्हणत होते. आदल्या सप्टेंबरात इंग्लंडनं म्युनिकमध्ये येऊन त्यांना ५-१ हरवलं होतं, कानसकट. पण सौदी अरेबियाला आठ गोल मारून ते निघाले आणि पुढं बाद फेरीत एकेक मॅच एका गोलनं जिंकत गेले. पॅराग्वे १-०, अमेरिका १-०, सेमीफायनलला दक्षिण कोरिया १-०. फायनलपर्यंतच्या सहा मॅचेसमध्ये कानने एकच गोल खाल्ला होता, आयर्लंडच्या रॉबी कीनचा, तोही जादा वेळेत. अमेरिकेच्या मॅचमध्ये त्यानं एकट्यानं संघ तारला. फायनलला मधल्या फळीतला बालाक नव्हता, दोन पिवळ्या कार्डांमुळं. म्हणजे ब्राझीलसमोर उरला तो कानच.

३० जूनला रविवार होता. मॅच आपल्या वेळेनुसार दुपारी साडेचारला. बाहेर पावसाची झड लागलेली. मी दोन महिन्यांत पहिल्यांदा तालमीत गेलो, कारण ही मॅच घरात एकट्यानं बघायची माझी हिंमत नव्हती. पन्नासेक माणसं दाटीवाटीनं बसली होती, निम्मी ब्राझीलची. पूर्वार्धात कानने रोनाल्डोला अडवलं. क्लेबरसनचा फटका बारला लागला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला धडकेत त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला लागलं, तो हात झटकत होता. ६७ व्या मिनिटाला रिव्हाल्डोनं डीच्या बाहेरून मारला. जोर होता, पण सरळ अंगावर. कान खाली गेला, बॉल छातीजवळून पुढं सुटला, आणि रोनाल्डो आलेला होताच.

खोलीत निम्मे लोक उठून नाचायला हवे होते. कुणी उठलं नाही. पन्नास माणसांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. ब्राझीलचा सगळ्यात कट्टर चाहता माझ्या शेजारी बसला होता, त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मॅच संपेपर्यंत काढला नाही.

रोनाल्डोनं आणखी एक मारला. मॅच संपल्यावर कान गोलच्या खांबाला पाठ टेकून बसला होता तो फोटो सगळ्यांनी बघितला आहे. मी त्यात त्याचे हात बघितले. हातमोजे काढले नव्हते. बोटाला दुखापत झालेली असूनही त्यानं बोटाचं कारण पुढं केलं नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल त्यालाच मिळाला. वर्ल्ड कपच्या इतिहासात तो मिळालेला तो पहिला गोलकीपर. लोक म्हणतात, फायनलच्या चुकीमुळं त्या बक्षिसाला अर्थ उरला नाही. मला ते पटत नाही. सहा मॅचेस त्यानं उचलून आणल्या म्हणून सातवीत चूक करायला तो तिथं होता.

सोमवारी मी मुख्य रस्त्यानं शॉपला गेलो.

इथवरची गोष्ट मी लोकांना सांगत आलोय. पुढची सांगत नाही.

२००६ च्या जानेवारीत अण्णांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता बारका उभा राहील. बारका म्हणजे एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याच पेठेतला, पाय मांजराचे. मी तिशीत आलो होतो, गुडघा सुजायचा, खाली जायला अर्धा क्षण उशीर होत होता. अण्णांचा निर्णय बरोबर होता. मला ते त्या दिवशीही माहीत होतं. तरीही मी बारक्याशी बोलणं टाकलं. सरावाला जायचो, कपडे घालायचो, बाकावर बसायचो, पण त्याच्याशी अक्षर नाही. तो "दादा" म्हणून हाक मारायचा, मी मान हलवायचो.

आणि त्याच वसंतात जर्मनीत हेच चाललं होतं. क्लिन्समन कोच झाल्यावर त्यानं कानची कॅप्टनशिप काढून बालाकला दिली होती. गोलात कान एक मॅच, दुसरा गोलकीपर येन्स लेमान एक मॅच अशी अदलाबदल दीडेक वर्ष चालली. कान आणि लेमान यांचं एकमेकांशी पटत नाही हे जगजाहीर होतं. ७ एप्रिल २००६ ला निर्णय आला, वर्ल्ड कपला गोलात लेमान. स्वतःच्या देशात वर्ल्ड कप, आणि कान बाकावर! मला वाटलं, हा आता संघातून निघणार. तीन दिवसांनी त्यानं जाहीर केलं की तो दुसरा गोलकीपर म्हणून जाणार. मी पेपर बाजूला ठेवला. त्याचा मला राग आला होता.

मे महिन्यात आमची एका स्पर्धेची सेमीफायनल टायब्रेकरवर गेली. चार-चार झाले. त्यांचा पाचवा मारणारा खेळाडू पुढं आला. त्याला मी १९९९ पासून ओळखत होतो, तीन वेळा त्याच्यासमोर उभा राहिलो होतो. लांबून धावत आला तर तो कुठंही मारू शकतो, पण तीनच पावलं मागं गेला की हमखास गोलकीपरच्या डावीकडं, जमिनीलगत. तो तीन पावलं मागं गेला. बारक्यानं बाकाकडं बघितलं. सरळ माझ्याकडं. आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी बांधलेलीच होती.

बारका उजवीकडं झेपावला. बॉल डावीकडं गेला. आमच्या शेवटच्या पोराचा फटका बारवरून गेला आणि आम्ही हरलो.

एवढंच. कुणाला कळलं नाही. बॉल हातातून सुटणं पाच हजार लोकांनी बघितलं होतं, हे एका माणसानं बघितलं.

३० जून २००६, शुक्रवार. बर्लिनमध्ये जर्मनी आणि अर्जेंटिना, क्वार्टरफायनल, आपल्याकडं रात्री साडेआठ. पुन्हा तालीम, पुन्हा पाऊस. आयालाचा हेडर, ८० व्या मिनिटाला क्लोजेची बरोबरी, मग जादा वेळ, आणि अकरा वाजता टायब्रेकर. लेमान मैदानावर बसला होता. कॅमेरा त्याच्यावर होता आणि त्या चौकटीत बाजूनं एक माणूस आला. कान. तो वाकला, लेमानचा हात हातात घेतला, त्याच्याशी काहीतरी बोलला आणि परत गेला. सगळं मिळून काही सेकंद. खोलीत कुणीतरी शिट्टी मारली. अण्णा माझ्या उजव्या हाताला होते. ते काही म्हणाले नाहीत, पण ते टीव्हीकडं बघत नव्हते.

मग लेमाननं पायमोज्यातून चिठ्ठी काढली. गोलकीपरांचे कोच आंद्रेआस कोपके यांनी हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून दिलेली, अर्जेंटिनाचा कोण कुठं मारतो ते. कोपके म्हणजे तेच, ज्यांच्यामागं १९९८ ला कान बाकावर बसला होता. लेमाननं आयालाचा अडवला, कांबियासोचा अडवला, जर्मनी ४-२ नं जिंकली. चिठ्ठीवर सात नावं होती आणि त्यातल्या दोघांनीच पेनल्टी मारली. कांबियासोचं तर नावच नव्हतं. तरी लेमान कागद बघत राहिला आणि कांबियासोला वाटलं, ह्याला माझंही माहीत आहे. ती चिठ्ठी आता बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

मला त्या रात्री झोप लागली नाही. तळहाताएवढ्या कागदावर जे लिहिलेलं होतं तसलं अकरा वर्षांचं माझ्या डोक्यात भरून होतं, आणि मी नाडी बांधत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी बारक्याच्या गॅरेजवर गेलो. तो एका स्कूटरचं इंजिन उघडून बसला होता. मी पावसात दारातच उभा राहिलो आणि म्हटलं, "त्या दिवशी तू माझ्याकडं बघितलंस." तो स्क्रू सोडवत राहिला. मग म्हणाला, "व्हय दादा. मला एवढंच इचारायचं हुतं, तीन पावलावर त्यो कुठं मारतोय. तुमाला म्हाईत हुतं न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि आतून दुसरा स्टूल आणून त्यानं पुसून ठेवला.

त्या आठवड्यात मी दोनशे पानी वही घेतली. रात्री शॉप बंद झाल्यावर लिहीत बसायचो. प्रत्येक संघाचं एक पान, प्रत्येक मारणाऱ्याची एक ओळ. कोण धावताना खांदा पाडतो, कोण मारण्याआधी एकदाच वर बघतो आणि जिथं बघतो तिथं मारत नाही, कोण चिडला की मधोमध हाणतो. अडतीस पानं भरली. पुढच्या सीझनला मी दुसरा गोलकीपर म्हणून नाव दिलं आणि टायब्रेकरची वेळ आली की बारक्याच्या मोज्यात चिठ्ठी असायची. पहिल्याच वेळी चिठ्ठीतल्या तिघांनी लिहिल्याप्रमाणं मारलं, बारक्यानं एक अडवला, आणि आम्ही तरीही हरलो. मारणाऱ्यांसाठी चिठ्ठी लिहिणारं आमच्यात कुणी नव्हतं. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघं रंकाळ्यावर कणसं खात बसलो होतो आणि बारका मला प्रत्येक फटक्याबद्दल विचारत होता. ती वही आता त्याच्याकडं आहे. सकाळी गांधी मैदानावर तो पोरांना गोलात उभं करतो, आणि नवीन पानं त्याच्या अक्षरात आहेत.

कानला त्या वर्ल्ड कपमध्ये एक मॅच मिळाली. सेमीफायनलला इटलीनं हरवल्यावर ८ जुलैला श्टुटगार्टमध्ये तिसऱ्या क्रमांकाची मॅच, पोर्तुगालविरुद्ध. बालाक खेळत नव्हता, कॅप्टनची पट्टी कानच्या दंडाला. आपल्याकडं रात्रीचा साडेबारा. श्वाइनश्टायगरनं दोनदा लांबून मारले, ३-१ नं जिंकले. देशासाठी ती त्याची ८६ वी आणि शेवटची मॅच. तिसऱ्या क्रमांकाची मॅच कुणी मनापासून बघत नाही म्हणतात. मी खिडकी उघडी टाकून, पावसाची झोत अंगावर घेत, शेवटपर्यंत बघितली. माझीही शेवटची मॅच पुढच्या वर्षी अशीच झाली, कशाचाही निकाल न लावणारी, दोन-तीनशे लोकांसमोर. अण्णांनी बारक्याला बसवून मला उभं केलं होतं. एकही अवघड बॉल आला नाही. जे आले ते सगळे मी छातीला धरून ठेवले.

मग २००८. कानने बायर्न सोडायचं ठरवलं होतं. १७ मे ला म्युनिकमध्ये लीगची शेवटची मॅच झाली, त्याची बुंडेसलिगातली ५५७ वी. आणि बातमी आली की बायर्नचा संघ भारतात येतोय, २७ मे, कोलकाता, सॉल्ट लेक स्टेडियम, समोर मोहन बागान. बायर्नचा खेळाडू म्हणून कानची निरोपाची मॅच आपल्या देशात! मी बारक्याच्या गॅरेजवर गेलो आणि विचारलं, "येतोस?" त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला, तेच त्याचं उत्तर होतं.

एसटीनं पुणे, पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस. स्लीपरचा डबा, मे महिना. विदर्भातून जाताना खिडकीचा लोखंडी गज धरवत नव्हता. बायकोनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी छत्तीसगडपर्यंत पुरली. दीड दिवसाच्या प्रवासात आम्ही फुटबॉल सोडून दुसरं काही बोललो असेन तर मला आठवत नाही.

सॉल्ट लेक बघून आम्ही दोघं गप्प झालो. शाहू स्टेडियम भरलं की आम्हाला वाटायचं, सगळं जग आलं. इथं लाखाच्या वर लोक होते आणि त्यांचा आवाज खालून पायांतून वर येत होता. कान सरावाला मैदानात आला तेव्हा तो आम्हाला बोटाएवढा दिसत होता. पण चालण्यावरून ओळखला. खांदे पुढं, मान किंचित खाली. बारका म्हणाला, "टीव्हीत दिसतोय त्याच्यापेक्षा हळू चालतोय." मला तसंच वाटलं. अडतीस वर्षांचा होता, तीनेक आठवड्यांनी एकोणचाळीस.

मॅच बायर्ननं ३-० जिंकली. गोल कुणी मारले ते मला आठवत नाही, कारण आम्ही दोघंही बॉलकडं बघत नव्हतो. बॉल समोरच्या टोकाला असताना कान काय करतो ते आम्ही बघत होतो. तो डीच्या टोकापर्यंत पुढं यायचा, हातानं बचावफळी डावीउजवीकडं सरकवायचा, परत मागं जायचा. ज्या मॅचमध्ये त्याला काही कमवायचं नव्हतं, त्यातही दर वेळी. बारका माझ्या कानाशी ओरडून सांगत होता, "बघा, बघा, परत दोन पावलं." उत्तरार्धात त्याला बाहेर बोलावलं. सगळं स्टेडियम उभं राहिलं, आम्हीही. तो हात वर करून चालत गेला. मी टाळ्या वाजवत होतो आणि माझी वाकडी अनामिका नेहमीप्रमाणं दुसऱ्या तळव्याला टोचत होती.

मॅच संपल्यावर गर्दी निघून जाईपर्यंत आम्ही जागेवरच बसलो. कागदाच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, वर दिवे तसेच चालू. बारक्यानं विचारलं, "आता हेच्या मागं गोलात कोण?"

"रेन्सिंग," मी म्हटलं. "चोवीस वर्षांचा आहे."

"किती वर्सं बाकावर हाय?"

"चार-पाच झाली असतील. कानच्या मागंच."

तो थोडा वेळ रिकाम्या गोलकडं बघत बसला.

"मग त्यानं इचारलं आसंल समदं," तो म्हणाला, आणि आम्ही उठलो.